रिकाम्या खिशांचा माणूस

माणूस खोटं बोलेल, पण त्याचा खिसा खोटं बोलणार नाही, असं लाँड्रीवाल्या काकूंचं ठाम मत होतं. गेली सव्वीस वर्षं त्या लोकांच्या खिशांत हात घालत आल्या होत्या, तेही राजरोस, भर दुकानात. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे रिकामे करणं हे त्यांचं काम. विसरलेला एक कागदी रुमाल मशीनभर काळ्या कपड्यांवर पांढरा कोंडा पसरवतो, आणि मग ब्रश घेऊन बसावं लागतं ते काकूंनाच. या कामापायी निम्मं गाव त्यांना आतून ठाऊक झालं होतं. सिगारेट सोडली असं गावभर सांगत फिरणाऱ्याच्या खिशात काडेपेटी कशाला, हे त्यांना बरोबर माहीत असे. पण चारचौघांत त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. फक्त काकांना सांगायच्या, आणि काकांना सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं.

दुकान डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे काकांचं इस्त्रीचं टेबल, मागे दोन मशीन. त्यातलं जुनं मशीन कपडे पिळायला लागलं की जागा सोडून चालायला निघायचं, म्हणून त्याच्या पायाशी लाकडाची पाचर ठोकलेली. वर गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर ठरलेला. कपडा आला की काका त्या नंबरची गुलाबी कापडी चिठ्ठी दोऱ्याने त्याच्या काजात नाहीतर कॉलरच्या आत अडकवत. चिठ्ठ्या बोटभर रुंद, धुऊन न जाणाऱ्या शाईने लिहिलेल्या, अक्षर काकांचं. त्यांच्या पाचाला भलंमोठं पोट असायचं. घरचे कपडे त्याच मशीनमध्ये धुतले जात, पण बिनचिठ्ठीचे. लहानपणी लेकीने एकदा हट्ट धरला होता की मलाही नंबर पाहिजे. तेव्हा काका म्हणाले होते की नंबर गिऱ्हाइकांना, आपल्या माणसाचा कपडा हाताला कळतो. काकांच्या मानाने ते भाषणच झालं.

काकू स्वतः डोंगरावर एकदाही गेल्या नव्हत्या. दुकानाच्या दारातून सव्वीस वर्षं दिसत होता, तेवढा पुरे होता. दिवसाचे दहा तास उभं राहणाऱ्या माणसाने सुट्टीच्या दिवशी चढायला जावं, हे त्यांच्या मते डोकं फिरल्याचं लक्षण होतं. अशी डोकं फिरलेली पंधरा-वीस माणसं गावात होती. दर रविवारी त्यांचं मंडळ डोंगर चढायचं, आणि दर सोमवारी त्यांचे चिखलाचे कपडे काकूंच्या टोपलीत येऊन पडायचे.

मंडळात कचऱ्यावरून तीन तट पडले होते. एका तटाचे पुढारी हेडमास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. डोंगरावर कणही टाकायचा नाही, फूल तोडायचं नाही, दगड हलवायचा नाही, असे एकवीस नियम छापून त्यांनी सगळ्यांना वाटले होते. दुसरा तट कंपाउंडरचा. दवाखान्यात पुड्या बांधून त्याची हयात गेली. त्याचं म्हणणं, प्लास्टिक टाकू नये हे कबूल, पण संत्र्याचं साल झाडाचंच आहे, ते झाडाखाली टाकलं तर बिघडलं काय? तिसरा तट म्हणजे एकटा बँकेतला कॅशिअर. झाडूवाले ठेवलेत ना, मग त्यांनी काय करायचं, असा त्याचा सवाल असे. तो वर दोघांचंही ऐकून घ्यायचा आणि खाली आल्यावर सगळं विसरायचा.

काकूंनी मात्र तिघांचाही निकाल खिशावरून लावला होता. दिवसभर डोंगरावर राहिलेला माणूस खाणार, पिणार, नाक पुसणार. कागद आणि वेष्टनं खिशात आली तर ती डोंगरावर नाहीत, खिशात नाहीत तर डोंगरावर. गणित सरळ होतं. हेडमास्तरांच्या खिशात चार घड्या घातलेली वेष्टनं आणि नियमांचा चुरगळलेला कागद सापडे. कंपाउंडरच्या खिशात शेंगांची टरफलं. आणि कॅशिअरचा खिसा म्हणजे उकिरडा. चॉकलेटचे चिकट कागद, तिकिटं, केळ्याचं काळं पडलेलं देठ. त्यामुळे सगळ्या मंडळात काकूंना कॅशिअर फार भला वाटायचा. तोंडाने काहीही बोलो, आणतो तर सगळं खाली, असं त्या काकांना म्हणायच्या.

भरलेल्या खिशांचं कौतुक त्यांना महागही पडलं होतं. चार वर्षांपूर्वी हेडमास्तरांच्या पँटच्या खिशात त्यांनी हात घातला आणि डब्याचं पत्र्याचं झाकण त्यांच्या डाव्या अंगठ्यात खोल शिरलं. तीन टाके पडले. हेडमास्तरांना मनापासून वाईट वाटलं, पण ते झाकण आपण डोंगरावर टाकलं नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. तेव्हापासून काकू खिसा आधी वरून चाचपत आणि मगच आत हात घालत.

राहता राहिला चष्मेवाला. तीन गल्ल्या सोडून त्याचं दुकान. वय पस्तिशीचं, बोलणं कमी, भिंगं घासून घासून बोटं मऊ झालेली. त्याचे खिसे नेहमी रिकामे असत. नुसते रिकामे नव्हे, कोपऱ्यातल्या धाग्यासकट स्वच्छ. चार वर्षांत एक कागद नाही, एक दाणा नाही. काकूंच्या गणितात याचा अर्थ एकच होता. हा गडी दिवसभर खातो आणि सगळं डोंगरावर झटकून हात हलवत खाली येतो. झाकली मूठ ठेवणारा माणूस काकूंना कधीच आवडला नाही.

आणि नेमका हाच माणूस लेकीने पसंत केला होता.

लेक एकतीस वर्षांची, हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. आईला कपड्यातलं दिसतं, मला कातड्यातलं, असं ती हसून सांगे. दोन वर्षांपासून तीही रविवारी मंडळाबरोबर जायला लागली होती. एका संध्याकाळी चादरींच्या घड्या घालताना, चादरीची दोन टोकं आईच्या हातात आणि दोन आपल्या हातात असताना, तिने चष्मेवाल्याचं नाव काढलं. घाई नाही म्हणाली. पण तू मनापासून हो म्हटलंस तरच, तोंडदेखलं नको, असंही म्हणाली. काकूंनी चादर इतक्या जोरात ओढली की लेक दोन पावलं पुढे आली.

त्यानंतर दोन महिने काकू "बघू" म्हणत राहिल्या. लेकीने तगादा लावला नाही, त्यामुळे काकूंना जास्तच अवघड झालं. पोरगी आतल्या आत वाट बघतेय हे दिसत होतं. काकूंना रात्री झोप लागेना. लेकीचं सुख आपल्या एका शब्दावर अडलंय, आणि तो शब्द काही केल्या जिभेवर येत नाही. काकांना विचारलं तर ते म्हणाले, माणूस बरा आहे. काकू म्हणाल्या, तुम्हाला सगळेच बरे. काकांनी इस्त्री पुढे ढकलली आणि वेगळंच काहीतरी बोलले. हल्ली चिठ्ठ्या कमी पडत नाहीत, म्हणाले. पूर्वी दर महिन्याला नव्या कापाव्या लागायच्या, आता डबा भरलेलाच असतो, बरकत आहे. काकूंनी कपाळाला हात लावला.

शेवटी एका शनिवारी त्यांनी लेकीला सांगून टाकलं. रिकाम्या खिशांचं गणित मांडलं, वर दोन गोष्टी जास्तीच्याच बोलल्या. लेक चिडेल, रडेल अशी त्यांची तयारी होती. ती शांतपणे म्हणाली, "खिसे रिकामे का ते मलाही माहीत नाही, आई. उद्या वर चल आणि तुझ्या डोळ्यांनी बघ."

हातच्या काकणाला आरसा कशाला! काकूंनी काकांचे जुने बूट दोन मोजे घालून पायात बसवले आणि रविवारी सकाळी निघाल्या. काका दारापर्यंत आले. गच्चीवर लाल चादर वाळत घालतो, वरून दिसली तर बघ, एवढंच म्हणाले.

पहिल्या अर्ध्या तासात काकूंना सव्वीस वर्षांचं आपलं मत किती बरोबर होतं ते पटलं. छाती भात्यासारखी चालत होती. पण झाडी सुरू झाली, वारा लागला, आणि पायांना उभं राहण्याची सवय होती ती कामी आली. मंडळातले निम्मे लोक त्यांच्या मागे पडले. काकूंना हे इतकं आवडलं की कोणी विचारलं नसतानाही त्या वळून सगळ्यांना, चला चला, म्हणू लागल्या.

एक डोळा मात्र चष्मेवाल्यावर होता. तो मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालत होता. अधूनमधून वाकायचा, काहीतरी उचलायचा. कधी ते खिशात जायचं, आणि कधी खांद्यावरच्या पिशवीतून चष्म्याचं घर काढून त्यात काहीतरी घालून घर टपकन मिटायचा. काकूंच्या मनात पाल चुकचुकली. चोरून ठेवण्यासारखं डोंगरावर असतं तरी काय?

पहिला थांबा झऱ्यापाशी झाला. डबे उघडले आणि लगेच भांडणही उघडलं. कंपाउंडरने संत्रं सोललं आणि साल झुडपाखाली टाकलं. हेडमास्तरांनी छडीसारखं बोट रोखलं. कंपाउंडर म्हणाला, माती मातीला मिळाली. हेडमास्तर म्हणाले, इथे संत्र्याचं झाड दाखवा, मी ते साल खाऊन दाखवतो. सगळे हसले, कंपाउंडर सगळ्यात मोठ्याने. कॅशिअरने या गडबडीत पाण्याची रिकामी बाटली मागे भिरकावली आणि चॉकलेटचा कागद विचार न करता खिशात कोंबला. काकूंनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. म्हणजे ज्याला आपण भला समजत होतो, त्याला काय टाकतोय आणि काय ठेवतोय याचा पत्ताच नव्हता. खिशात आलेलं सोमवारी त्यांना दिसायचं, बाटली कशी दिसणार? काकूंच्या गणिताला पहिली चीर पडली.

हेडमास्तर आता दगडावर उभे राहिले होते. आपण येऊन गेलो हे डोंगराला कळता कामा नये, असं ते समजावून सांगत होते, आणि सांगता सांगता मान खाजवत होते. इस्त्रीचा ताजा शर्ट, मानेला काहीतरी टोचत होतं. त्यांनी कॉलरमागे हात घातला, एक ओढ दिली, हाताला लागलं ते बोटाने उडवलं आणि एकवीसपैकी नवव्या नियमावर आले. उडवलेली वस्तू वाऱ्याने गिरक्या घेत काकूंच्या बुटावर येऊन पडली.

गुलाबी चिठ्ठी होती. नंबर पंधरा, पाचाला भलंमोठं पोट.

काकूंचे कान तापले. शनिवारी संध्याकाळी कपडे न्यायचे, रविवारी तसेच अंगावर चढवायचे, आणि वाटेत टोचायला लागली की चिठ्ठी ओढून टाकायची. एवढीशी चिंधी, तिला कचरा कोण म्हणतो? आता एकदा नजर बसल्यावर त्यांना चिठ्ठ्या दिसायलाच लागल्या. एक दगडाच्या फटीत, एक काट्याला, एक झऱ्याच्या काठी चिखलात, रंग उडालेली. शाई मात्र पक्की. ती आणखी शंभर वर्षं टिकेल, असं काका अभिमानाने सांगत. जगाच्या खिशांत कचरा शोधता शोधता काकूंनी आपल्याच दुकानाचा कचरा डोंगरभर पेरला होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे लोकांना सुनावायला त्यांना फार आवडे. आता ते कोणाला सुनावणार? त्यांना इतकी लाज वाटली की उघडलेला डबा त्यांनी तसाच मिटून ठेवला.

तिथून वरपर्यंत त्या मान खाली घालून चिठ्ठ्या वेचत गेल्या. लेक विचारायला आली तर पायाखाली बघतेय म्हणाल्या.

माथ्यावर मात्र मान वर करावीच लागली. सगळं गाव पायाशी होतं. त्यांचा रस्ता, त्यांची गच्ची, आणि गच्चीवर पांढऱ्या चादरींच्या मधोमध एक लाल ठिपका. शेजारी एक काळा ठिपका इकडून तिकडे हलत होता, ते काका. सव्वीस वर्षं ज्या दारातून त्यांनी डोंगर पाहिला, ते दार त्यांनी आज डोंगरावरून पाहिलं. काकूंना भरून आलं. काकांना दिसणार नाही हे माहीत असून त्यांनी दोन्ही हात हलवले, मग लेकीचा हात धरून तिलाही हलवायला लावला. मायलेकी वेड्यासारख्या हसत सुटल्या.

उतरताना काकू मुद्दाम मागे राहिल्या. पायथ्याशी रस्त्याला लागण्याआधी पाण्याचा नळ होता आणि त्याच्या बाजूला कचऱ्याचं पिंप. सगळे घरी निघाले, चष्मेवाला पिंपापाशी थांबला. त्याने खिसे उपसायला सुरुवात केली. स्वतःच्या पावाचा कागद, कॅशिअरची चेपलेली बाटली, कंपाउंडरचं संत्र्याचं साल, कोणाकोणाचं काय काय. मग खिसे बाहेर काढून उलटे केले, आणि भिंगं पुसायचा छोटा ब्रश काढून शिवणीतली माती झाडू लागला.

"हे एवढं कशाला करता?" काकूंनी मागून विचारलं.

तो दचकला. आधी सांगेना. काकू हलल्या नाहीत, तेव्हा खिसे तसेच लोंबकळत ठेवून म्हणाला, "तुमच्या बोटाला पत्रा लागला त्या दिवशी मी दुकानात कपडे न्यायला उभा होतो, काकू. हेडमास्तरांनी डोंगरावर खूण ठेवली नाही, ती तुमच्या अंगठ्यावर राहिली. तेव्हापासून मी खिसे इथेच रिकामे करतो."

सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो खिसे पाहिले, पण त्या खिशात पुढे कोणाचा तरी हात जाणार आहे, असा विचार करणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. खरं म्हणजे भेटला होता, चार वर्षं दर सोमवारी. त्यांना तो ओळखू आला नव्हता. एका शितावरून भाताची परीक्षा करायला गेल्या, आणि शीतच नाही म्हणून भात कच्चा ठरवून मोकळ्या झाल्या.

"आणि त्या चष्म्याच्या घरात काय आहे?" त्यांनी विचारलं, पण आवाजातली धार गेली होती.

त्याने घर उघडलं. आत गुलाबी चिठ्ठ्या होत्या, एकावर एक नीट रचलेल्या. काकूंनी आपली मूठ उघडली. तिच्यातही त्याच होत्या.

चिठ्ठ्या तो पिंपात टाकत नसे. सोमवारी लेकीकडे देत असे, ती धुऊन, इस्त्री करून गुपचूप डब्यात ठेवत असे. दोन वर्षं हे चाललं होतं, आणि या देवाणघेवाणीतच दोघांचं जमलं होतं. काकूंना का सांगितलं नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला की चिठ्ठ्या तुम्ही थोड्याच टाकल्या होत्या, उगाच मनाला लावून घेतलं असतंत. काकांची बरकत ती ही! काकूंना एकदम हसू फुटलं. इतकं हसल्या की त्यांना नळाच्या कट्ट्यावर बसावं लागलं, आणि चष्मेवाला उलट्या खिशांनिशी त्यांना पाण्याचा पेला देत उभा राहिला.

लेकीला त्या संध्याकाळी त्या काहीच बोलल्या नाहीत. पाय दुखतात म्हणाल्या आणि लवकर झोपल्या. लेक बिचारी आईच्या चेहऱ्याकडे बघून बघून दमली.

सोमवारी दुकान उघडल्यावर काकूंनी पहिला नियम काढला, एकविसांच्या वरचा. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी चिठ्ठी इथेच सोडवून घ्यायची. काकांनी मान डोलावली. मग कपडे यायला लागले. हेडमास्तर आले, कॅशिअर आला, आणि काकूंनी कॅशिअरला त्याचा खिसा त्याच्याच हाताने टेबलावर रिकामा करायला लावला. स्वतःच्या खिशातून काय काय निघतंय ते बघून तो स्वतःच चकित झाला.

नऊच्या सुमाराला चष्मेवाला आपली मातकट पँट ठेवून गेला. लेक कामावर निघायच्या बेतात दारातच होती. काकूंनी पँट उचलली. आज त्यांनी खिसा वरून चाचपला नाही. टाके पडलेला अंगठा सरळ आत घातला, पार कोपऱ्यापर्यंत. काही नव्हतं. दुसऱ्या खिशातही काही नव्हतं. काकांनी सवयीने डब्यातून त्याची चिठ्ठी काढली आणि दोरा शोधू लागले.

"अहो, राहू द्या," काकू म्हणाल्या. "त्याला नंबर नको."

काकांनी चिठ्ठी परत डब्यात टाकली. दारातल्या लेकीने पर्स खाली ठेवली, आणि काकूंनी ती पँट घरच्या कपड्यांत टाकली.